मेंढ्यांचा राखणदार समोर आला तर…

बांधावरून, घाटवाटेने किंवा माळरानावरून चालताना मेंढ्यांचा कळप दिसतो आणि दोन-तीन कुत्री भुंकत तुमच्याकडे धावत येतात. अशा वेळी काय करायचं? आणि ती अशी का वागतात?

तंजावरपासून साधारण 13 किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. तमिळमध्ये या नावाचा अर्थ होतो ‘पवित्र पाच नद्या’. संत त्यागराजांनी आपलं आयुष्य इथे घालवलं आणि 1847 मध्ये इथेच देह ठेवला. त्या काळी तंजावरच्या गादीवर भोसले घराणं होतं. दर वर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी गायक-वादक एकत्र बसतात आणि पंचरत्न कृती गातात. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला गेलेली मराठी कुटुंबं बऱ्याचदा तिरुवैयारुलाही जाऊन येतात.

या उत्सवाच्या आसपासच तिथल्या ‘सांबा’ हंगामातल्या भाताची कापणी सुरू होते. फेब्रुवारीपर्यंत बरीचशी शेतं मोकळी होतात आणि त्यांत नवे पाहुणे येऊ लागतात. ते म्हणजे शेकडो मेंढ्या, त्यांचे मेंढपाळ आणि कुत्री. सकाळी गावाबाहेर फिरायला निघालेल्या माणसाची त्यांच्याशी गाठ पडते ती अशी: लांबून एक कुत्रा मान वर करतो, भुंकतो आणि सरळ तुमच्या दिशेने येतो. त्याच्या मागून दुसरा येतो.

अशा वेळी बहुतेक जण पळतात, दगड उचलतात किंवा मोठ्याने ओरडतात. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. का ते समजण्यासाठी आधी त्या कुत्र्याचं काम काय आहे ते पाहू या.

रिकाम्या शेतातला मुक्काम

रामनाथपुरम आणि शिवगंगा हे तमिळनाडूतले कोरडे जिल्हे. तिथले मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन कावेरीच्या खोऱ्यात येतात. दिवसभर मेंढ्या कापलेल्या शेतांत आणि बांधांवर चरतात. रात्री त्या एखाद्या शेतकऱ्याच्या शेतात बसवल्या जातात. याला तमिळमध्ये ‘किडै’ म्हणतात. मेंढ्यांच्या लेंड्या आणि मूत्र थेट जमिनीत जातं, त्यांच्या खुरांनी ते मातीत मिसळतं आणि शेताला फुकट वाहतुकीचं खत मिळतं. किती मेंढ्या आणि किती रात्री, यावर शेतकरी मेंढपाळाला पैसे किंवा धान्य देतो. एक शेत झालं की मुक्काम पुढच्या शेतात हलतो. मेट्टूर धरणाचं पाणी साधारणपणे 12 जूनला कालव्यांना सोडतात. पेरणीची लगबग सुरू व्हायच्या आत कळपांना परत जावं लागतं.

मराठी वाचकाला ही पद्धत नवी वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही धनगर हेच करतात. दिवाळीनंतर देशावरचे कितीतरी वाडे, म्हणजे धनगरांचे फिरते मुक्काम, घाट उतरून कोकणात जातात. तिथली भाताची शेतं तेव्हा मोकळी असतात. शेतकरी ‘आमच्या शेतात मेंढ्या बसवा’ म्हणून आधीच सांगून ठेवतो. पावसाच्या आधी वाडे पुन्हा घाट चढतात. भाषा वेगळी, देव वेगळे, पण तंजावर आणि कोकणातला हा व्यवहार एकच आहे.

दोन्हीकडे अडचणही एकच. दिवसा कळपावर माणसाचं लक्ष असतं. रात्री मात्र उघड्या शेतात, जाळीच्या कुंपणात शेकडो जनावरं असतात आणि दिवसभर चालून थकलेली तीन-चार माणसं. कावेरीच्या खोऱ्यात कोल्हे, भटकी कुत्री आणि चोर यांची भीती असते. महाराष्ट्राच्या माळरानावर लांडगा येतो, सह्याद्रीत बिबट्या येतो. मेंढपाळाची सगळी मिळकत त्या जाळीच्या आत असते. तिच्यावर रात्रभर नजर ठेवतो तो कुत्रा.

हाकणारा वेगळा, राखणारा वेगळा

सिनेमात किंवा व्हिडिओत आपण मेंढ्यांना वळवणारे, शिट्टीवर धावणारे कुत्रे पाहिलेले असतात. बॉर्डर कोली ही त्यातली प्रसिद्ध जात. तो हाकणारा कुत्रा. तो मालकाच्या हुकमावर चालतो.

राखणारा कुत्रा वेगळा असतो. तो कळपातच राहतो, कळपाबरोबर चालतो आणि मालक जवळ नसला तरी स्वतः निर्णय घेतो. इटलीचा मरेम्मा, तुर्कस्तानचा कंगाल, फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचा पायरेनियन आणि आपल्या हिमालयातला गद्दी ही अशा कुत्र्यांची काही नावं. हिमाचलचे गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या आधी मान धरतो. महाराष्ट्रातल्या आणि तमिळनाडूतल्या मेंढपाळांकडे मात्र बहुधा साधी गावठी कुत्रीच असतात. पण जातीपेक्षा महत्त्वाचं असतं ते पिल्लाचं वाढणं.

अमेरिकेतले रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशा कुत्र्यांवर मोठं काम केलं. पिल्लू अगदी लहान असल्यापासून मेंढ्यांमध्ये वाढलं तर ते मेंढ्यांनाच आपलं कुटुंब मानतं, हे त्यांनी दाखवून दिलं. मेंढपाळांना हे पिढ्यानपिढ्या माहीत होतंच. चांगल्या राखणदाराचे तीन गुण कॉपिंजर सांगत: तो मेंढ्यांना इजा करत नाही, त्यांच्यावर सतत लक्ष ठेवतो आणि परकं कोणी आलं की मध्ये उभा राहतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. असा कुत्रा लांडग्याशी किंवा कोल्ह्याशी क्वचितच मारामारी करतो. तो भुंकतो, धावत पुढे येतो, आडवा उभा राहतो. शिकारी प्राण्याचा डाव त्यामुळे फसतो. आपण दिसलो, हे कळलं की तो बहुतेक वेळा निघून जातो. म्हणजे भुंकणं ही मारामारीची सुरुवात नसते. मारामारी टळावी म्हणूनच तो भुंकत असतो.

ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नांबूल गावाजवळच्या मिडल आयलंड या बेटावर 2006 पासून मरेम्मा कुत्र्यांनी चक्क पेंग्विनांची राखण केली. कोल्ह्यांनी तिथले पेंग्विन जवळजवळ संपवले होते. कुत्री आल्यावर त्यांची संख्या पुन्हा वाढली. नामिबियात 1994 पासून शेतकऱ्यांना शेळ्या-मेंढ्या राखायला अशी कुत्री दिली जातात. तिथे उद्देश चित्ता वाचवण्याचा आहे. शेळी सुरक्षित राहिली की शेतकरी चित्त्यावर बंदूक रोखत नाही.

तो तुम्हाला काय विचारतो आहे?

आता पुन्हा बांधावर येऊ. कुत्रा तुमच्याकडे येतो आहे. त्याच्या बाजूने पाहिलं तर हा सगळा प्रकार चौकशीचा आहे. ‘कोण आहेस? कुठे निघालास? कळपाकडे येतो आहेस की बाजूने जातो आहेस?’ एवढंच त्याला हवं असतं.

ही चौकशी साधारण ठरलेल्या क्रमाने होते. आधी तो लांबून भुंकतो आणि बाकीच्या कुत्र्यांना खबर देतो. मग तुम्ही आणि कळप यांच्या मध्ये येऊन उभा राहतो. जवळ येऊन वास घेतो किंवा बाजूने चक्कर मारतो. तुम्ही दूर जाऊ लागलात की काही अंतर मागून चालत येतो. आपल्याला वाटतं, पाठलाग करतो आहे. खरं तर तो तुम्हाला हद्दीबाहेर पोचवायला आलेला असतो. कळप सुरक्षित आहे असं वाटलं की वळून परत जातो.

आपण पळालो, तर तो प्रश्न अर्धवट राहतो. पळणाऱ्याच्या मागे लागणं ही कुत्र्याची मूळ सवय आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याला हाकलायला आपण खाली वाकून दगड उचलल्याचं नाटक करतो. ते कुत्रं एकटं असेल तर कदाचित पळतं. राखणदार कुत्र्याच्या मागे मात्र त्याचा कळप असतो. तो मागे सरत नाही. उगारलेला हात त्याला हल्लाच वाटतो.

कळप दिसल्यावर काय कराल?

• लांबूनच वाट बदला. कळप दिसला की शक्य तेवढं अंतर ठेवून वळसा घाला. शंभर-दोनशे मीटर जास्त चालावं लागलं तरी चालेल. कळपाच्या मधून कधीही जाऊ नका.

• मेंढपाळाला हाक मारा. तो झाडाखाली किंवा बांधाआड असतो. महाराष्ट्रात ‘मामा, कुत्री आवरा!’ एवढं पुरतं. तमिळनाडूत ‘अण्णा, नायै कूप्पिडुंग!’ असं म्हणा. त्याचा अर्थ ‘दादा, कुत्र्याला बोलवा’. कानातले इअरफोन आधी काढून ठेवा, म्हणजे त्याचं उत्तर आणि कुत्र्याचा आवाज दोन्ही ऐकू येतील.

• कुत्रा धावत आला तर थांबा. हात खाली ठेवा. त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका, पण त्याच्याकडे पाठही फिरवू नका. हळू, सपाट आवाजात काहीही बोला. माणसाचा शांत आवाज ऐकून बऱ्याच कुत्र्यांचा पवित्रा सैल होतो.

• तो शांत झाला की हळूहळू दूर व्हा. कळपापासून लांब जाणाऱ्या दिशेने, अंगाने तिरकं होत चाला. तो मागे आला तरी चाल वाढवू नका.

• सायकलवर असाल तर उतरा. फिरणारं चाक आणि वेग दोन्ही त्याला चिथावतात. सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चालत जा. दुचाकी असेल तर वेग अगदी कमी करा आणि हॉर्न वाजवू नका.

• काठी किंवा बॅग असेल तर ती पुढे धरा, उगारू नका. मध्ये काहीतरी आहे एवढंच पुरेसं असतं.

• पाडलंच तर अंग मुडपून घ्या. गुडघे पोटाशी, हात मानेमागे, चेहरा खाली. हालचाल थांबली की बहुतेक कुत्री मागे होतात.

• खायला देऊ नका, कुरवाळू नका. बिस्किटाने तो तुमचा मित्र होत नाही. तो कामावरून हलतो. एका पर्यटकाने लावलेली सवय पुढच्या दहा जणांना त्रास देते.

मुलं सोबत असतील तेव्हा

मुलांना आधीच सांगून ठेवा. ऐन वेळी सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही. ‘कुत्रा आला तर झाड व्हायचं’ हा खेळ लहान मुलांना लगेच कळतो. पाय जमिनीत रुतलेले, हात अंगाला चिकटलेले, तोंडातून आवाज नाही. घरी दोन-तीनदा खेळून पाहा. चालताना लहान मूल मोठ्या माणसाच्या आतल्या बाजूला, कळपापासून लांब ठेवा.

कोकरू उचलून फोटो काढायचा मोह मोठ्यांनाही होतो. कोकराला हात लावणं ही कुत्र्याच्या दृष्टीने चोरी आहे आणि आईला तर तो धोकाच वाटतो. फोटो किंवा रील हवीच असेल तर आधी मेंढपाळाला विचारा. तो स्वतः कोकरू हातात देईल तेव्हाच घ्या. कळपावर ड्रोन उडवू नका. मेंढ्या बिथरतात.

घरचा पाळीव कुत्रा सोबत असेल तर कळपाच्या वाटेने जाऊच नका. राखणदाराला माणसापेक्षा परका कुत्रा जास्त संशयास्पद वाटतो, कारण कळप फाडणाऱ्यांत भटकी कुत्रीही असतात. गडावर किंवा माळरानावर जाताना पाळीव कुत्रा घरी ठेवलेला बरा.

अंधारात जाणं टाळा. रात्र हीच त्याच्या कामाची वेळ असते. जावंच लागलं तर टॉर्चचा उजेड जमिनीवर ठेवा आणि लांबूनच आवाज द्या.

चावलाच तर

राखणदार कुत्र्याने चावण्याचे प्रसंग कमी असतात, पण एकही चावा हलका घेऊ नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणं दिसायच्या आधी योग्य उपचार झाले, तर मात्र हा आजार टाळता येतो. सगळा फरक पहिल्या काही तासांत केलेल्या कामाचा आहे.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान 15 मिनिटं धुवा. नुसता ओरखडा असला तरी धुवा. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. तडक सरकारी रुग्णालयात जा. लस तिथे मोफत मिळते. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन हे औषधही लागतं. त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. पुढचे डोस सांगितलेल्या तारखेलाच घ्या. गाडीची सोय नसेल तर महाराष्ट्रात आणि तमिळनाडूत रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे.

कळपाच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायची. चावलेल्या कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवावं लागतं, आणि उद्या तो कळप त्या शेतात नसेल. म्हणून मेंढपाळाशी भांडत बसण्यापेक्षा त्याचा फोन नंबर आणि पुढचा मुक्काम विचारून घ्या. पण कुत्र्याचं काय होतं ते पाहण्यासाठी लस लांबवू नका.

आपल्या एका चुकीची किंमत

हे सगळं फक्त आपल्या सुरक्षिततेसाठी नाही. आपण दगड मारला, ओरडलो, पळालो तर कळप उधळतो. उधळलेल्या मेंढ्या रस्त्यावर येतात, विहिरीत पडतात, कोकरं पायांखाली येतात. कुत्रा चावला तर गावात ओरड होते. मेंढपाळ परमुलखात असतो, त्याच्या बाजूने बोलणारं तिथे कोणी नसतं. बसवलेल्या मेंढ्या उठवून त्याला रातोरात निघावं लागू शकतं. कुत्रा मारला गेला तर दुसरा तयार व्हायला दोन-एक वर्षं लागतात. तोवर रात्री राखण कोणी करायची?

महाराष्ट्रात याला आणखी एक बाजू आहे. माळरानावरचा लांडगा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांत वन विभागाने माळरान सफारी सुरू केल्यापासून लांडगा पाहायला शहरातून कुटुंबं येऊ लागली आहेत. त्याच माळावर धनगरांचे कळप चरतात. धनगराचा कुत्रा जागा असेल तर लांडगा उपाशी परत जातो, पण विषाला किंवा सापळ्याला बळी पडत नाही. हाच कुत्रा आजारी असेल तर त्याचा रेबीज किंवा डिस्टेंपर लांडग्यापर्यंत पोचू शकतो. म्हणून कळपाच्या कुत्र्यांना वेळेवर लस मिळणं माणसाच्या, मेंढीच्या आणि लांडग्याच्याही हिताचं आहे. सतत गाव बदलणाऱ्या मेंढपाळाला लसीकरण शिबिराची तारीख कळत नाही. तुमच्या गावात कळप उतरला असेल आणि जवळ पशुवैद्यकीय दवाखाना असेल, तर दोघांची गाठ घालून देणं ही मोठी मदत ठरेल.

धनगरांचं दैवत असलेल्या खंडोबाच्या चित्रात घोड्याबरोबर कुत्राही असतो. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवत आले आहेत. राखणदाराची किंमत आपल्या लोकांनी फार पूर्वीच ओळखली होती.

तेव्हा तिरुवैयारुच्या बांधावर असा, घाटवाटेवर असा की माळरानावर, कुत्रा भुंकत आला तर आधी थांबा. त्याला तुमच्याकडे नीट पाहू द्या. मेंढपाळाला हाक मारा आणि लांबच्या वाटेने पुढे जा.